एकीसमोर वीस जणी: एकेका मिनिटाच्या कुस्त्यांनी निरोप कसा द्यायचा

तालमीतली पोरगी गाव सोडून निघाली की आपल्याकडे शाल-श्रीफळ होतं, चार पुरुष माणसं तिच्याबद्दल बोलतात, आणि जिच्यासोबत तिनं रोज घाम गाळला त्या पोट्ट्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. मला हा कार्यक्रम अजिबात आवडत नाही. जिच्याशी रोज झोंबलो, तिला निरोपही झोंबूनच द्यावा. जपानच्या बायकांच्या कुस्तीत अशी एक रीत आहे. आमच्या दारव्हा तालुक्यात, गावातल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये, आम्ही ती आमच्या मापानं शिवून घेतली. आमची सगळ्यात मोठी पैलवान पोलीस भरतीत निवडून आली तेव्हा पहिल्यांदा केली. आता आजूबाजूच्या गावांतले क्रीडाशिक्षक विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

मी शाळेत खेळ शिकवते. शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातलं. १९१४ सालची संस्था. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन तिथल्या पथकानं आपले देशी खेळ दाखवले होते. खेळ शिकवणं वेगळं आणि लोकांसमोर मांडणं वेगळं, ही अक्कल मला तिथून आली. या कुस्तीत ती पदोपदी लागते.

आधी मूळ प्रकार समजून घ्या.

३ नोव्हेंबर २०१७ ला योकोहामात मानामी तोयोता ही प्रो रेसलिंगची, म्हणजे रिंगमध्ये दाखवायच्या कुस्तीची, पैलवान निवृत्त झाली. वय ४६. १९८७ मध्ये सोळाव्या वर्षी रिंगमध्ये उतरली होती, म्हणजे तीस वर्षं झाली. एक मोठी जंगी कुस्ती लावून तिला मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी तिच्यासमोर पन्नासच्या आसपास पैलवान एकामागून एक आल्या आणि प्रत्येकीला मिळालं एक मिनिट. मिनिट संपलं की घंटा, आणि लगेच पुढची. सर्वात शेवटी आइस रिबन या कुस्ती-कंपनीची त्सुकासा फुजिमोतो आली. तोयोता शेवटची हरली ती तिच्याकडून.

साखळीच्या कुस्त्या जपानला नव्या नाहीत. शाळा-कॉलेजच्या ज्युदोत आणि केंडोत दोन संघ रांगेत बसतात. जिंकेल तो मैदानात थांबतो, हरेल तो उठतो, समोरचा पुढचा गडी येतो. प्रो रेसलिंगमध्येही हा प्रकार आहे. क्योकुशिन कराटेत तर एका माणसानं शंभर जणांशी लागोपाठ लढायची परीक्षा असते. तोयोताच्या निरोपात मात्र जिंकणं-हरणं कुणाला बाहेर काढत नव्हतं. ती हरली तरी जागेवर, जिंकली तरी जागेवर. बदलायची फक्त समोरची. म्हणूनच मला हा प्रकार आपल्या कामाचा वाटला. जिंकेल ती थांबेल अशी पद्धत ठेवली असती तर आमच्या सातवीतल्या पोरींचा नंबरच लागला नसता.

पोट्ट्यांनी मोबाईलवर हे पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेलाच होता: "मॅडम, हे तं खोटं असते न वो?" निकाल ठरलेला असतो, हो. त्यांच्या धंद्यात कोण पडणार हे आधी माहीत असतं. पण पाठीवर पडणं खोटं नसतं, आणि एवढ्या जणींसमोर लागोपाठ उभं राहायचा दमही खोटा नसतो. आमच्याकडे निकाल ठरवायचा नाही. कुस्ती खरीच करायची. त्यांच्याकडून फक्त मांडणी घ्यायची: एकच मध्ये, रांगेत सगळ्या, एकेक मिनिट, आणि शेवटी जिच्या हाती तालीम जाणार ती.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. १९६८ मध्ये मात्सुनागा भावांनी तिथे बायकांच्या कुस्तीची मोठी कंपनी काढली. ऐंशीच्या दशकात तिच्या कुस्त्यांना शाळकरी मुलींची झुंबड उडायची. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात चिगुसा नागायो हरली आणि अटीप्रमाणे रिंगमध्येच तिचं मुंडण झालं, तेव्हा तिला हरवणाऱ्या डंप मात्सुमोतोच्या नावानं किंचाळणाऱ्या आणि ढसाढसा रडणाऱ्या त्या मुलीच होत्या. मुलींनी मुलींची कुस्ती बघायची, हे तिथे घडलं. आपल्या दंगलीत बायामाणसं दिसतात का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दंगलीला मी जाते तेव्हा फडाभोवती पुरुषांचीच दाटी असते. म्हणून आमचा पहिला नियम बसण्याचा आहे: गादीच्या तिन्ही बाजूंच्या पहिल्या ओळी बायका आणि मुलींच्या. पुरुष मागे, भिंतीला टेकून. कुरकुर होते. होऊ द्यावी.

किती जणी, किती वेळ

पन्नासचा आकडा डोक्यातून काढून टाका. तोयोतापाशी तीस वर्षं कुस्तीत मुरलेलं शरीर होतं आणि समोरच्या सगळ्या धंद्यातल्या होत्या, कधी ओढायचं आणि कधी सोडायचं हे कळणाऱ्या. खऱ्या झोंबाझोंबीत रोज सराव करणाऱ्या पोरीला वीस पुरे. शाळकरी पोरगी असेल तर बारा. त्याच्यावर मी जाऊ देत नाही, कुणी कितीही म्हणो.

हिशेब असा. वीस मिनिटं कुस्तीची. दोघींच्या मध्ये पंधरा सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. सातव्या आणि चौदाव्या कुस्तीनंतर दोन-दोन मिनिटं पाणी. झाले एकोणतीस. वर शेवटची मोठी कुस्ती तीन मिनिटांची. आंतरराष्ट्रीय नियमात पूर्ण लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, इथे एकच फेरी ठेवायची. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या थोडं वर जातं. एवढा वेळ लहान लेकरंही जागेवर बसतात.

तयारीला दीड महिना धरा. आमची पोरगी भरतीच्या आठशे मीटरमध्ये मस्त पळालेली, तिला वाटलं दम तर आहेच. पळण्याचा दम इथे अर्धाच कामी येतो. एका मिनिटाची कुस्ती म्हणजे पूर्ण ताकदीनं ओढाओढी, मग जरासा श्वास, मग पुन्हा तेच, आणि समोरची दर वेळी ताजी. सगळ्यात आधी जाते ती पकड. आठव्या-नवव्या कुस्तीनंतर बोटं मिटत नाहीत, मनगट धरलं तरी निसटतं. म्हणून सरावही तसाच ठेवायचा: एक मिनिट झोंबी, अर्धं मिनिट थांबा, पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग हळूहळू वाढवत चौदापर्यंत. वीसचा पूर्ण सराव मुद्दाम करू नका. तो त्या दिवसासाठीच राहू द्या. दोर चढणं, ओल्या पोत्याला पीळ देणं, मानेचे व्यायाम, हे रोज. मान बळकट नसेल तर हा कार्यक्रमच करू नये.

तारीख ठरवणं आमच्याकडे सगळ्यात अवघड. उन्हाळ्यात नाव काढू नका. पत्र्याच्या हॉलमध्ये मे महिन्यात पैलवान नाही, नुसता पंच उभा राहिला तरी कोसळेल. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू होते, रविवारी तर पोट्ट्या हमखास वावरात. फेब्रुवारीपासून परीक्षा. उरतो जानेवारी, संक्रांतीनंतरचा एखादा रविवार, दुपारी चारची वेळ. थंडी बेताची, उजेड भरपूर, आणि वावरातून आलेल्या बायकांना हातपाय धुऊन यायला वेळ मिळतो. तुरी निघायच्या असतात त्या दिवसांत, पण तेवढं जमवून घेतात.

क्रम

इथे सगळ्यात जास्त डोकं लावा. वही घेऊन बसा आणि निघणाऱ्या पोरीला दाखवू नका.

नवख्या माणसाला वाटतं, आधी लहान, मग मोठ्या, मग सगळ्यात तगड्या. बघायला बरं दिसतं, पण धोक्याचं आहे. पंधराव्या कुस्तीत तिचे पाय जड झालेले असतात, मान सैल पडलेली असते, आणि तेव्हाच तुम्ही तिच्यावर तालमीतली सगळ्यात दांडगी पोरगी सोडता. दुखापत तिथेच होते. दमलेल्या अंगावर आडदांड पैलवान कधीही घालू नका.

मी असं करते. पहिली कुस्ती बरोबरीच्या आणि शांत पोरीशी, जिचे हात स्वच्छ पडतात. तिच्याशी झोंबताना अंग मोकळं होतं, भीड जाते. मग दोन लहान. मग चौथ्या कुस्तीपासून नवव्यापर्यंत ज्या काही जोरदार, दांडग्या, पहिल्या पाच सेकंदांत पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, धावणाऱ्या असतील त्या सगळ्या इथेच संपवायच्या, कारण तिच्या पायात अजून बळ असतं. दहापासून तेरापर्यंत लहान-मोठ्या मिसळून. चौदानंतर फक्त अशा, ज्यांना डाव येतो आणि थांबताही येतं. तुमच्या तालमीत अशा तीन-चारच असतील. त्या शेवटासाठी राखून ठेवा. "मलेच काऊन एवढ्या शेवटी ठेवलं वो मॅडम?" असं विचारतील. सांगा, तुझ्यावर भरवसा आहे म्हणून.

वजनाचा नियम कडक ठेवा. तिच्यापेक्षा दहा किलोच्या वर भारी असलेली पोरगी रांगेत नको. हलक्या चालतात, पण चौदा वर्षांखालच्या पोरींशी तिनं गुडघ्यावर बसून लढायचं. लहानीला उभ्यानं येऊ द्या. पाचवी-सहावीतली तीस किलोची पोरगी ताईच्या मागे जाऊन कंबर धरते आणि हॉल डोक्यावर घेतला जातो. त्यात दयामाया नाही, ती खरंच धरते, आणि ताईला खरंच सुटावं लागतं. शिवाय गुडघ्यावरच्या त्या मिनिटात पायांना उसंत मिळते, हे तिला सांगायची गरज नाही.

आता गमतीच्या जागा. जपानी पैलवानांच्या असल्या कुस्त्यांत मध्येच कुणी हसवायला येतं, तर मध्येच कुणी वर्षांनी परत आलेली जुनी पैलवान दिसते. हे दोन्ही आम्ही घेतलं. अकराव्या नंबरला आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी ताई आली. तिच्याशी कुस्ती नाही, पंजा. लाकडी बाकावर कोपर टेकवून मिनिटभर पंजा लढवायचा. मोठाले गंज उचलून तिचं मनगट असं झालंय, की आमच्या पोलीसबाईला घाम फुटला. चौदाव्या नंबरला पोरीची माय. मायनं काय करायचं यावर पुष्कळ चर्चा झाली. ती नाहीच म्हणत होती, लाजत होती. शेवटी फुगडी ठरली. एक मिनिट फुगडी, घंटा होईपर्यंत. बायकांनी गाणं धरलं. फुगडी मुद्दाम पाण्याच्या सुट्टीच्या आधी ठेवायची, कारण गरगरल्या डोक्यानं पुढची कुस्ती खेळायची नाही. पंचालाही हे आधी सांगून ठेवा.

जुन्या पैलवान, म्हणजे लग्न होऊन गेलेल्या, यांना बोलवायचंच. जपानच्या त्या जुन्या कंपनीत पंचविशीच्या आसपास पैलवानांनी निवृत्त व्हावं असा दंडक होता, आणि आपण त्यावर हळहळतो. आमच्याकडे एकोणिसाव्या वर्षी अक्षता पडल्या की तालीम सुटते, त्याला कुणी दंडकही म्हणत नाही. त्या पोरींना महिनाभर आधी निरोप पाठवा, माहेरपणाला येणार असतील तर तारीख जुळवा. दोन अटी. आदल्या दिवशी येऊन तासभर अंग मोकळं करायचं. आणि दिवस गेलेत का, बाळंतपण होऊन किती महिने झाले, हे एखाद्या बाईनं बाजूला घेऊन विचारायचं, चारचौघांत नाही. शंका असेल तर तिलाही पंजा किंवा फुगडी. माझ्या एका जुन्या पोरीनं लेकरू सासूच्या मांडीवर ठेवलं, पदराखाली ट्रॅकपँट चढवली आणि पहिल्याच झटक्यात ढाक डाव टाकला. सासू उठून उभी राहिली. रागानं उभी राहिली असं मला वाटलं होतं. ती शिट्टी मारत होती.

गादी, घंटा आणि बाकीचं

तुमच्याकडे स्पर्धेची गादी नसेल. नसू द्या. स्पर्धेच्या गादीचं वर्तुळ नऊ मीटरचं असतं. एकेका मिनिटाच्या कुस्तीला सहा मीटर पुरतात. टोकियोत इचिगाया भागात एमी साकुरा आणि तिच्या शिष्या एका लहानशा खोलीत, रिंगशिवाय, नुसत्या गादीवर कुस्त्या करतात. चोकोप्रो नाव आहे, २०२० मध्ये सुरू झालं, यूट्यूबवर दिसतं. खिडकीत चढतात, भिंतीला पाय लावून उड्या मारतात. पोट्ट्यांना ते जरूर दाखवा. रिंग नाही म्हणून कुरकुर बंद होते. भिंतीला पाय लावायचा नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

शाळेच्या गाद्या एकमेकींना घट्ट भिडवून खालून दोरीनं बांधा. सांध्यांवर रुंद चिकटपट्टी मारा, मग वर ताडपत्री ताणून चारी बाजूंनी खिळवा. सांध्यात पायाचं बोट अडकणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. भिंतीच्या बाजूला पोती उभी करा. आमच्याकडे सोयाबीनचं कुटार फुकट मिळतं, पण ते पोत्यातून टोचतं आणि खाज सुटते. गव्हांडा भरा आणि वरून चादर शिवून टाका. मातीचा आखाडा चांगला असेल तर गादीची गरजच नाही, पण लहान पोरींच्या आया मातीपेक्षा गादीला लवकर हो म्हणतात. आईवडिलांची लेखी परवानगी प्रत्येकीची घ्या, वीसच्या वीस.

घंटा हवीच. शिट्टीनं मजा येत नाही. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, म्हातारे सांगतात शकुंतला रेल्वेचा आहे. तोच काढून आणला. शकुंतला बंद पडली पण तिचा आवाज अजून कामी येतो. एका मुलाला मोबाईलचं स्टॉपवॉच आणि हातोडी द्या, आणि त्याला दुसरं काहीही काम सांगू नका. माइकवर एक मुलगी ठेवा. जपानात कुस्ती चालू असताना किती वेळ झाला ते अधूनमधून माइकवरून सांगतात. आपणही सांगायचं: "अर्धं मिनिट झालं!" आणि शेवटची दहा सेकंदं सगळ्या हॉलनं मोजायची. येणाऱ्या प्रत्येकीचं नाव, वर्ग आणि एकच ओळ: ही कोण, हिचा आवडता डाव कोणता. लांबण नको. भाषण करायची हौस असलेल्या माणसाला माइकजवळ फिरकू देऊ नका.

पंच दोन ठेवा, आळीपाळीनं. वीस कुस्त्यांत पंचही थकतो आणि थकलेल्या पंचाचं लक्ष मानेवरून उडतं. निदान एक पंच बाई असावी. नियम मोजकेच: दोन्ही खांदे टेकले की चितपट. मानेला पिळा नाही, बोटं वाकवणं नाही, डोक्यावरून मागे फेकणं तर अजिबात नाही. पोरींनी तोयोताचे व्हिडिओ पाहिलेले असतात, समोरचीला उचलून मागच्या मागे पूल करून टाकायचा मोह होतो. ज्या दिवशी कुणी सरावात तसं केलं, तिचं नाव यादीतून गेलं, एवढं सुरुवातीलाच ठणकावून सांगा. नखं कापलेली, केसांत कापडी बँड, अंगावर अंगठी, ताईत, मंगळसूत्र काही नाही. डोकं आपटलं, चक्कर आली, तर कार्यक्रम तिथेच थांबवायचा, मग अठरावी कुस्ती असो की दुसरी. गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीला पहिल्या ओळीत बसवा आणि एखादी जीप चालकासकट बाहेर तयार ठेवा.

एक नियम माझ्या हट्टाचा. समजा एखादी पोरगी दहा सेकंदांत चितपट झाली. पंच म्हणतात, झालं, पुढची आणा. नाही. घंटा होईपर्यंत दोघींनी परत हात मिळवायचा आणि परत लढायचं. ते मिनिट त्या पोरीचं आहे. वर्षभर तिनं ताईच्या हाताखाली माती खाल्लेली असते, दहा सेकंदांत तिला परत सतरंजीवर पाठवू नका. दुसऱ्या वेळी ती जास्त चांगली लढते, बघाच. आणि फळ्यावर जिंकल्या-हरल्याचा आकडा लिहू नका. एक काका दर पाच मिनिटांनी विचारत होते, "किती झाल्या तिच्या?" त्यांना मी पाण्याची बादली भरून आणायला पाठवलं.

पाण्यात लिंबू, साखर, मीठ. घोटभर घोटभर. गटागटा प्यायली की सोळाव्या कुस्तीत उलटी.

कागदाच्या पट्ट्यांबद्दल सगळे विचारतात. तिथे पैलवानाचं नाव पुकारलं की प्रेक्षक तिच्या रंगाच्या कागदी फिती रिंगवर फेकतात, आणि कडेची मुलं क्षणात गोळा करून रिंग साफ करतात. दिसायला फार सुंदर. पण आपल्याकडे गोळा करणारी तयार मुलं नाहीत आणि कागदावरून पाय घसरतो, म्हणून फिती सगळ्यात शेवटी. क्रेप कागदाचे रोल तालुक्याला मिळतात. नाही मिळाले तर काट्यावरच्या पावतीचा रोल चालतो. मधली नळी काढायची, एक टोक हातात धरायचं, बाकीचा गुंडा वर फेकायचा. आदल्या दिवशी सरावाला दोन रोल वाया घालवा, नाहीतर थेट डोक्यात बसतात.

शेवटची कुस्ती

विसाव्या घंटेनंतर तिला बसू देऊ नका. बसली की पाय आखडतात, परत उठवत नाही. उभ्यानंच दोन मिनिटं, टॉवेल, दोन घोट पाणी. तोवर माइकवरून शेवटचं नाव.

हे नाव कोणाचं, ते निघणाऱ्या पोरीनं ठरवायचं. बाकी सगळा क्रम तुमचा, एवढी एक जागा तिची. उद्यापासून तालमीची किल्ली कोणाकडे, लहानींना सकाळी उठवून कोण आणणार, ते या एका नावात गावाला कळतं. आमच्या पोरीनं सगळ्यांना वाटत होती ती निवडली नाही. दुसरीच निवडली: अकरावीतली, अबोल, एकेरी पट सोडून फारसं काही न येणारी. मी विचारलं तर म्हणाली, "ते रोज येते, मॅडम." मला यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आता एक मोह आवरा. जपानात निघणारी बहुतेक हरूनच निघते, तशी पद्धत आहे. तोयोताही हरूनच गेली. ते बघून कुणीतरी दोघींपैकी एकीच्या कानात सांगायला जाईल: "सोडून दे तिले" किंवा "तुयाच निरोप हाय, तूच जिंक." त्या माणसाला अडवा. वीस कुस्त्या अंगावर घेतलेल्या पोरीपुढे ताजी पोरगी उभी आहे, निकाल बहुधा तसाच लागेल. तो आपला आपण लागू द्या. आणि नाही लागला, दमलेली मोठी जिंकली, तरी काही बिघडत नाही. किल्ली ती देणारच आहे. आमच्याकडे दोन मिनिटं दोघी नुसत्या हातांत हात अडकवून ढकलाढकली करत होत्या. मग अबोल पोरीनं तोच एकेरी पट काढला, जो सगळ्यांना माहीत होता, आणि मोठीलाही. पाय मागे घ्यायला तिच्यात बळच नव्हतं.

तिथे निरोपाला दहा वेळा घंटा वाजवतात. आम्हीही वाजवली. दहाव्या टोल्याला फिती फेकायच्या. मग किल्ली द्यायची. मग हवी असेल तर शाल द्या, पण त्या वेळी शाल घामानं भिजते, तेव्हा भारीतली आणू नका.

नाश्ता गादीवर वाढायचा नाही. चिवडा, चहा, सगळं बाहेर मांडवात. लोक निघाले की त्याच संध्याकाळी ताडपत्री काढा, आणि वीस जणींचा घाम प्यालेल्या गाद्या फिनेलच्या पाण्यानं पुसून काढा. आळस केला की आठवड्याभरात अर्ध्या तालमीला गजकर्ण होतं आणि आया पोरींना पाठवणं बंद करतात. वाळवायच्या सावलीत, उभ्या करून. उन्हात टाकल्या तर रेक्झिन तडकतं, आणि नव्या गाद्या मंजूर होऊन यायला किती काळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.